पाचशे अकरा डॉलरचा अहेर

"काकू, मला एवडं सांगा. गाडी चालवली न्हाई तर पैसं कुठनं आनू? आन् पैसं भरलं न्हाईत म्हनून ह्ये गाडी चालवू देत न्हाईत. म्हंजे म्हशीला दावं बांदायचं, आन् चरायला का गेली न्हाईस म्हनून वर दांडकं हानायचं. ह्येला कायदा म्हनायचा व्हय?"

"आधी पट्टा लाव," मागच्या सीटवरून सुलभाकाकू म्हणाल्या. "आणि तोंड पुढं कर. तू मागं वळून बोलायला लागलास की मला गरगरतं."

मोरेश्वर मानेनं पट्टा लावला आणि तोंड पुढं केलं. पुढं बघण्यासारखं काही नव्हतं. ओक ट्री रोडवरचा सिग्नल लाल होता आणि म्हाताऱ्या माणसांची पांढरी व्हॅन त्याच्याखाली थरथरत उभी होती. चार वर्षं ज्या सीटवर मोरेश्वर बसत होता, तिच्यावर आज मालक देवांगभाई बसले होते. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून, नाक काचेला लावून. आणि मोरेश्वर उजवीकडच्या सीटवर, मांडीवर हात ठेवून, पाहुण्यासारखा. सिग्नल हिरवा झाला तशी देवांगभाईंनी गाडीला असा हिसका दिला, की मागं कुणाची तरी काठी खाली पडली आणि कुणीतरी गुजरातीत रामाचं नाव घेतलं.

"बगा," मोरेश्वर पुटपुटला. "अशानं मान्सं आंबत्यात."

हे आंबण्याचं त्याचं जुनं होतं. तासगावच्या पुढं येरळेकाठी त्याचं गाव. तिथं ऐन पंचविशीत तो द्राक्षाचा टेम्पो चालवायचा. रात्री पेट्या भरायच्या आणि पहाटेच्या आत बाजारात टेकवायच्या. वाटेत एक जरी दणका बसला, तरी खालच्या थरातली द्राक्षं आंबायची आणि व्यापारी पेटी बाजूला काढायचा. त्यामुळं खड्डा डोळ्यांनी दिसायच्या आधी त्याच्या बुडाला कळायचा. अमेरिकेत, एडिसनमध्ये येऊन त्यानं तीच विद्या म्हाताऱ्या हाडांना लावली. सकाळी आठ ते नऊ घराघरातून चौदा म्हातारी माणसं गोळा करायची, देवांगभाईंच्या डे केअर सेंटरवर उतरवायची. तिथं चहा, भजन, कॅरम, रक्तदाब, जेवण. आणि तीनच्या सुमाराला पुन्हा ज्याचं त्याला पोचतं करायचं. प्रत्येकाच्या दाराशी उतरून लाकडी चौरंग पायाखाली सरकवायचा, कोपराला धरून वर घ्यायचं. चौदांपैकी अकरा गुजराती. पण चार वर्षांत त्या अकरांनासुद्धा "वाईच थांबा" आणि "लई थंडी" एवढं येऊ लागलं होतं. मोरेश्वरला मात्र गुजराती आली नाही. अमेरिकेत चौदा वर्षं राहून त्याची बोली कणभर हलली नव्हती, आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. उलट कुणी पुणेरी माणूस त्याच्याशी बोलताना ओठ मुडपून हसला, तर हा मुद्दाम आणखी चार शब्द तिकडचे घालायचा.

तर ही गाडी हातातून गेली कशी?

फेब्रुवारीच्या शेवटी सेंटरच्या विमा कंपनीनं दरसालप्रमाणं ड्रायव्हरांची लायसन्स तपासली. मोरेश्वरच्या नावापुढं निघालं, सस्पेंड. कारण, मुलीच्या पालनपोषणाचे पैसे भरले नाहीत. कोर्टाच्या हुकमाप्रमाणं आठवड्याला एकशे अठरा डॉलर, आणि जमा शून्य. देवांगभाईंनी त्याला ऑफिसात बोलावलं, दार लावलं आणि कागद पुढं केला. त्यांना वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त त्यांना व्हॅन स्वतः चालवावी लागणार याचं वाईट वाटत होतं. त्यांनी सांगितलं, मार्चअखेरपर्यंत मी चालवतो, तू शेजारी बसून माणसं चढव-उतरव. एक तारखेला लायसन्स हातात असलं तर गाडी तुझी. नसलं तर एक ड्रायव्हर बघून ठेवलाय, त्याला शब्द दिलाय.

मोरेश्वरला पहिल्यांदा राग आला नाही. हसूच आलं. कारण पैसे त्यानं दिले होते. एक महिना चुकवला नव्हता.

घटस्फोट होऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. राधिका मूळची सांगलीची, इंजिनिअर. कंपनीनं तिला इकडं पाठवलं, आणि मोरेश्वर टेम्पो भावाच्या हवाली करून तिच्या व्हिसावर मागोमाग आला. पहिली सहा वर्षं त्याला इथं काम करायची परवानगीच नव्हती. त्यानं घर सांभाळलं, भाकरी थापल्या, लेकीला, आन्याला न्हाऊमाखू घातलं. पुढं ग्रीन कार्ड झालं, हा गाडी चालवायला लागला, आणि दोघं एकमेकांना दिसेनासेच झाले. ती लॅपटॉपवर, हा रस्त्यावर. भांडण म्हणावं असंही काही झालं नाही. वकिलानं कागद केले, चौदा वर्षांची आन्या आईकडं राहिली, शनिवार बापाला मिळाला. आणि महिना पाचशे अकरा डॉलर तेहतीस सेंट द्यायचे असं ठरलं. आठवड्याला एकशे अठराचा महिन्याला तेवढा हिशेब होतो. मोरेश्वरनं तेहतीस सेंट सोडून दिले. पाचशे अकरा हा आकडा त्याला आवडला. शेवटी एक आहे. अहेराला शेवटी एक असावाच लागतो.

इथंच सगळी माती झाली.

पगारी नोकर असता, तर पैसे परस्पर कापून गेले असते. पण देवांगभाईंनी त्याला ठेक्यानं ठेवलेला. मग हुकमाप्रमाणं त्यानं स्वतः ते सरकारी खात्याला पाठवायचे आणि खात्यानं राधिकेला. हे वकिलानं सांगितलं होतं, कागदातही होतं. मोरेश्वरला ते पटलं नाही. आपल्या पोरीच्या तोंडात घास घालायला मधी सरकार कशाला? दंड आहे का पाणीपट्टी आहे? त्यानं ओक ट्री रोडच्या दुकानातून अहेराची पाकिटं आणली, एक रुपयाचं नाणं चिकटवलेली, बाराचा गठ्ठा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आन्याला आणायला गेला की चेक पाकिटात घालून राधिकेच्या हातात द्यायचा. आणि चेकच्या खाली डाव्या कोपऱ्यात, कशाबद्दल ते लिहायला जी रेघ असते, तिथं इंग्रजीत लिहायचा, 'गिफ्ट फॉर आन्या, विथ ब्लेसिंग्ज.' चाइल्ड सपोर्ट असं लिहायला त्याचा हात धजेना. बाप काय सपोर्ट देतो का? बाप आशीर्वाद देतो.

म्हणजे बघा, बारा महिने हा गडी स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या सहीनं, बँकेच्या शिक्क्यासकट लिहून देत होता की हे पैसे हुकमाचे नव्हेत.

मग खात्यानं कळवलं नाही का? कळवलं की. सहा पत्रं आली. पण ती गेली जुन्या पत्त्यावर, म्हणजे राधिकेच्या घरी. दुसऱ्याचं टपाल फोडू नये म्हणून राधिकेनं ती किराणाच्या पिशवीत घालून ठेवली आणि महिन्या-दोन महिन्यांनी आन्याच्या हातून पाठवली. मोरेश्वरनं पिशवी बघितली, वर क्रेडिट कार्डाच्या जाहिराती दिसल्या, आणि पिशवी तळघरात बर्फावर मीठ टाकायच्या फावड्यापाशी ठेवून दिली. लायसन्स काढून घेणार, तुला काही म्हणायचं असलं तर तीस दिवसांत सुनावणी माग, असं सांगणारं पत्र त्यात होतं. तीस दिवस ते फावड्यापाशी बसून होतं.

ती पिशवी सुलभाकाकूंनी सेंटरमध्ये कॅरमच्या बोर्डावर ओतायला लावली.

सुलभाकाकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या. सांगलीच्या कोर्टात त्यांनी तेहतीस वर्षं कागद हाताळले होते आणि शिरस्तेदार होऊन निवृत्त झाल्या होत्या. मुलाकडं राहायला आल्यापासून त्यांना कागद असा मिळालाच नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, पाकिटं तारखेप्रमाणं लावली आणि एकेक फोडून वाचली. त्यांना अमेरिकेचा कायदा ठाऊक नव्हता. पण पत्र आल्यावर फोडायचं असतं, एवढं ठाऊक होतं. तेवढ्यावर त्यांनी मोरेश्वरला जे सोलून काढलं, ते पलीकडं भजन म्हणणाऱ्या बायकांनीही भजन थांबवून ऐकलं. हुकूम म्हणजे काय असतं, भरणा म्हणजे काय, पावती म्हणजे काय, हे त्यांनी लहान पोराला सांगावं तसं सांगितलं.

"आता पावती कुनाकडं मागू?" मोरेश्वर म्हणाला. "माज्या पोरीच्या आईकडं?"

"मग काय माझ्याकडं मागतोस?"

दुसऱ्या दिवशी सेंटरच्या जेवणाच्या सुट्टीत तो बसनं काउंटीच्या म्हणजे जिल्ह्याच्या ऑफिसात गेला. बारा चेकच्या प्रती बँकेतून काढून नेल्या होत्या. काचेपलीकडच्या बाईनं त्या नीट लावल्या, एकेक उलटून पाहिली. चांगली बाई होती, घाई करत नव्हती. तिनं चेकच्या त्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे तुमचंच अक्षर ना? हा मोठ्या अभिमानानं म्हणाला, व्हय. तेव्हा तिनं समजावलं, की मुलीला भेट देणं ही फार छान गोष्ट आहे, पण भेट ही भेट असते. आमच्याकडून न जाता परस्पर दिलेले पैसे आम्ही धरत नाही. आणि त्यातून तुम्हीच भेट म्हणून लिहिलेलं. तुमच्याकडं बावन्न आठवड्यांचे सहा हजार एकशे छत्तीस डॉलर येणं आहे.

त्यानं विचारलं, मग लायसन्स? ती म्हणाली, सगळे पैसे भरा, नाहीतर आता उशिरा का होईना, सुनावणी मागून तिथं सांगा. तिनं तारीख दिली पंचवीस मार्च. आणि जाता जाता म्हणाली, मुलीच्या आईनं येऊन सांगितलं की हे पैसे हुकमातलेच होते, तर अधिकारी धरू शकतील. आईनंच सांगायला हवं मात्र.

मार्चचे पैसे तेवढे त्यानं पोस्टात जाऊन मनीऑर्डर काढून रीतसर पाठवले. आणि राधिकेला फोन करायचा सोडून भिशीवाल्यांना फोन केला.

हे कळल्यावर सुलभाकाकूंनी कपाळाला हात लावला. सहा हजार पुन्हा भरायला निघाला होता हा शहाणा. भिशी उचलायची, आन्याच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेले काढायचे आणि दुसऱ्यांदा भरायचे. त्याचं म्हणणं सरळ होतं. पैसे आज ना उद्या मिळवता येतील. पण जिला बारा महिने आशीर्वाद म्हणून दिले, तिच्या दारात जाऊन 'लिहून दे' म्हणायचं, म्हणजे दिलेला अहेर परत मोजून घेण्यासारखं. त्यापेक्षा उपाशी मेलेलं बरं.

"उपाशी तू नाही मरणार," काकू म्हणाल्या. "तुला इथं फुकट खिचडी मिळते. पोरीच्या कॉलेजचे पैसे तू तुझ्या मिजाशीवर उधळतोयस. ह्याला आशीर्वाद म्हणतात होय तुमच्या येरळेकाठी?"

तरी त्यानं फोन केला नाही. असा एक आठवडा गेला. देवांगभाईंची कंबर धरली, ते रोज सकाळी व्हॅनमध्ये उशी घेऊन बसायला लागले आणि दर वळणावर मोरेश्वरकडं असं बघायचे, की जणू यानंच त्यांची कंबर काढून कोर्टात जमा केलीय.

शनिवार आला. शनिवार म्हणजे आन्याचं सॉफ्टबॉल. तिला मैदानावर न्यायचं, दोन तास कुंपणाला टेकून उभं राहायचं, येताना डोसा खाऊ घालायचा, हे बापाचं काम. मागच्या शनिवारी त्यानं तिला गाडी बिघडलीय असं फोनवर सांगितलं होतं. या शनिवारी तेच पुन्हा सांगायला जीभ वळेना, म्हणून हा पायीच निघाला. तीन मैल. गावाकडं तीन मैल म्हणजे काहीच नव्हे, पण गावाकडच्या रस्त्याला कड असते. इथं अर्ध्या वाटेनंतर फुटपाथच नाही. एका बाजूनं मोटारी आणि दुसऱ्या बाजूनं नांगरून टाकलेल्या बर्फाचा काळा ढीग, आणि त्या दोहोंच्या मधून हा, पोटऱ्यांपर्यंत चिखल.

राधिकेनं दार उघडलं आणि त्याच्या बुटांकडं बघितलं.

"गाडी कुठाय?"

"बिगडलीया."

"बाबा," आतून आन्या म्हणाली, "यू वॉक्ड लास्ट वीक टू. माझ्या फ्रेंडच्या, मायाच्या मॉमनं तुला ग्रोसरीच्या बॅग्ज घेऊन चालताना बघितलं. शी आस्क्ड मी की एव्हरीथिंग ओके आहे का."

एवढं म्हणून ती बॅट आणायला वर निघून गेली. पोरं असं बरोबर दुखऱ्या जागेवर पाय ठेवतात आणि निघून जातात.

मग त्यानं सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात, बूट न काढता, पायपुसण्यावर उभं राहून. लायसन्सचं, विम्याचं, पिशवीचं, काचेपलीकडच्या बाईचं. फक्त एक सांगितलं नाही, की आता तू येऊन बोललीस तर सुटेन. तेवढं तो मागं ठेवत होता.

ऐकून झाल्यावर राधिकेनं मिक्सरच्या मागची एक वाटी पुढं ओढली. वाटीत एकेक रुपयाची नाणी होती. बारा.

"तुझ्या पाकिटांवरची," ती म्हणाली. "पाकिटं टाकली. ही कुठं टाकायची कळेना. इथं चालत नाहीत, आणि टाकवतही नाहीत."

मोरेश्वरला वाटलं, ती आता विरघळली. त्याला बरं वाटलं. पण ते क्षणभरच.

"मलाही पत्रं आली होती," ती म्हणाली. "की तुमच्याकडं काहीच जमा झालेलं नाही. मी एक फोन केला असता तर हे सगळं मिटलं असतं. मला माहीत होतं. नाही केला."

"का गं?"

"दर महिन्याला तो चेक बँकेत भरताना मी ते वाचायचे. गिफ्ट. ब्लेसिंग्ज. तू दारात उभा राहून दोन्ही हातांनी पाकीट द्यायचास. लग्नघरात आल्यासारखा. मी पण घ्यायचे मग, दोन्ही हातांनी. मोरेश्वर, तो अहेर नव्हता. ते आन्याचे होते. तिचे दातांचे ब्रेसेस, तिचे बूट. तू ते देणं लागत होतास, आणि देताना उपकार केल्यासारखं देत होतास. मला दर महिन्याला वाटायचं, आता ह्याला थँक यू म्हणावं लागणार. आणि मी म्हणायचे."

मोरेश्वरच्या डोक्यात ते असं कधी आलंच नव्हतं. त्याला वाटत होतं, आपण सरकारी कागदाचं घाणेरडं तोंड झाकून गोष्ट घरातली करतोय. आणि इकडं ह्या बाईला बारा महिने अहेर घेणारी करून ठेवली होती. तो पायपुसण्यावर उभा राहून बुटातून गळणाऱ्या पाण्याकडं बघत राहिला.

"म्या तसं मनात आनलं न्हवतं," शेवटी तो म्हणाला.

"मनात काय होतं ते मी विचारत नाहीये. कधी आहे सुनावणी?"

त्यानं तारीख सांगितली.

"मी येईन. पैसे मिळाले ते सांगेन. पण ते कशाचे होते, ते मी नाही सांगणार. ते तू सांगायचं. तुझ्या तोंडानं. मग मी हो म्हणेन."

आन्या बॅट घेऊन खाली आली. त्या दिवशी मैदानावर दोघांनाही राधिकेनंच सोडलं. मोरेश्वर मागच्या सीटवर बसला, पायाखाली वर्तमानपत्र घालून.

पंचवीस तारखेला कोर्टातल्या एका लहान खोलीत, मोठ्या टेबलापलीकडं एक बुटके, खोकणारे अधिकारी बसले होते. त्यांच्यापुढं त्या सकाळचा हा नववा बाप होता. आधीचे आठ बाहेर बाकावर मोरेश्वरनं बघितले होते. एक छप्पर घालणारा, एक पिझ्झा पोचवणारा, एक नुसताच डोळे मिटून बसलेला. सगळ्यांची गाडी गेलेली, आणि सगळे कुणाच्या ना कुणाच्या गाडीतून आलेले. पिझ्झावाला म्हणत होता, गाडी गेली त्याच दिवशी काम गेलं, आणि आता हे विचारतात पैसे का नाहीत. मोरेश्वरला त्याच्याशी बोलायचं होतं. म्हशीचं आणि दाव्याचं इंग्रजीत कसं सांगावं, ते त्याला जमलं नाही. पण पिझ्झावाल्यानं खरोखरच काही दिलं नव्हतं, हेही त्यानं स्वतःच सांगितलं होतं. त्यामुळं नेमकं कुणाच्या बाजूनं चिडावं, तेही कळेना.

अधिकाऱ्यांनी चेक पाहिले. राधिकेनं पैसे मिळाल्याचं सांगितलं. मग त्यांनी मोरेश्वरला विचारलं, की तुम्ही यावर भेट असं लिहिलंय. भेट होती का?

आता चौदा वर्षांत त्याचं इंग्रजी गाडी चालवण्यापुरतं पक्कं झालं होतं, लेफ्ट, राइट, वॉच युअर स्टेप. त्यात हे बसवायचं होतं. त्यानं एकदा राधिकेकडं बघितलं. ती समोर बघत होती.

"नो, सर," तो म्हणाला. "नॉट गिफ्ट. आय हॅव टू गिव्ह. शी डोन्ट हॅव टू से थँक यू."

अधिकाऱ्यांनी मान वर केली. राधिका म्हणाली, येस, दॅट्स करेक्ट.

बस, इतकंच. अधिकाऱ्यांनी बारा चेक हुकमात धरले. सहा हजार एकशे बत्तीस. मग आकडेमोड केली, पुन्हा केली, चष्मा वर घेतला आणि सांगितलं, की वर्षाचे चार डॉलर येणं आहे.

ते तेहतीस सेंट. महिन्याला सोडून दिलेले.

मोरेश्वरनं लगेच खिशात हात घालून पाच डॉलरची नोट काढली. पण रोख चालत नाही. पाठवायचे तर खात्याला, केसचा नंबर घालून. ते जमा झाल्याचं दिसलं, की लायसन्स सोडण्याचा हुकूम मोटार खात्याला जाणार. म्हणजे चार डॉलरसाठी पुन्हा पोस्ट, पुन्हा रांग, पुन्हा मनीऑर्डर, आणि मनीऑर्डरची फी दोन डॉलरवर. पुढं मोटार खात्यात लायसन्स परत घ्यायची फी शंभर डॉलर. चार डॉलर न भरल्याबद्दल शंभर. सुलभाकाकूंना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, पावती घेतलीस का? त्यानं मार्चची, चार डॉलरची आणि फीची, अशा तिन्ही पावत्या काढून दाखवल्या. काकूंनी त्या उजेडात धरून तारखा तपासल्या आणि परत दिल्या. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला शाबासकी दिल्याची नोंद नाही.

तीस तारखेला, दुपारी, लायसन्स सुटलं. एक दिवस हातात ठेवून.

एक एप्रिलला सकाळी साडेसातला देवांगभाई सेंटरच्या दारात उशी घेऊनच उभे होते. त्यांनी मोरेश्वरला लायसन्स मागितलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, विमा कंपनीला फोन करून नंबर वाचून दाखवला, आणि मग किल्ली दिली. बरोबर तक्रारींची यादीही दिली. मागचं दार नीट लागत नाही, हीटर कमी झालाय, महिनाभरात पेट्रोल जास्त गेलं. त्या महिन्यात गाडी कोण चालवत होतं, ते मात्र यादीत नव्हतं.

त्यानं सीट मागं सरकवली. आरसे लावले. देवांगभाईंनी आरसा असा लावून ठेवला होता, की त्यात त्यांचीच कपाळपट्टी दिसत असणार. सकाळी येताना त्यानं एप्रिलचं पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकलं होतं. साधं पाकीट, साधी मनीऑर्डर, पाचशे अकरा डॉलर तेहतीस सेंट. कोपऱ्यातल्या रेघेवर केसचा नंबर, बाकी काही नाही. लिहिताना त्याचा हात जरा थांबला होता. मागं काहीतरी लिहावंसं वाटलं होतं. नाही लिहिलं.

पहिलं घर सुलभाकाकूंचं. त्या पायरीवर उभ्याच होत्या, शाल घट्ट गुंडाळून, हातात पिशवी. त्यांनी ड्रायव्हरच्या सीटकडं बघितलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडं.

"धा मिंटं उशीर केलास," त्यांचा ठरलेला दम आपल्या बोलीत त्यांनाच ऐकवत मोरेश्वर खाली उतरला. "आसं म्हननार हुता न्हवं?"

"मी असं बोलत नाही. बारा मिनिटं," काकू म्हणाल्या. "चौरंग कुठाय?"

त्यानं चौरंग काढला, पायाखाली सरकवला, कोपराला धरून त्यांना वर घेतलं. पट्टा लावला, दोनदा ओढून पाहिला. दार लागेना, म्हणून गुडघा लावून ढकललं. मग पुढं येऊन बसला, आरशात एकदा मागं बघितलं, आणि पुढच्या वळणावरच्या खड्ड्याच्या आधीच ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी दुसऱ्या घराकडं वळवली.